झाविशचा क्रूस: चांदीच्या प्रतिकृतीत काय पाहावं आणि ती कशी सांभाळावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नोकरीनिमित्त प्रागला असते. तिने येताना चांदीचा एक क्रूस आणला. वीतभर उंच, दोन आडव्या दांड्यांचा. पायावर एक ढाल, तिच्यावर पाच पाकळ्यांचं फूल, खाली रोमन अक्षरांत 'झाविश' हे नाव आणि 1290 हा आकडा, मागे 925 असा ठसा. सोबतच्या कागदावर 'एका महत्त्वाकांक्षी मध्ययुगीन सरदाराच्या स्मरणार्थ' एवढंच. हा सरदार कोण, वस्तू खरी चांदीची आहे का, काळी पडू लागली आहे ती कशी उजाळायची, आणि तिला काही मोल आहे का, असं तुम्ही विचारलं आहे.

चांदीच्या जुन्या वस्तूंची डागडुजी आणि त्यांच्या प्रतिकृती घडवणं हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे धातूबद्दल सविस्तर सांगतोच. पण आधी माणूस समजून घ्या. तो कळल्याशिवाय ही वस्तू उजाळायला हातात घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. कशाची आठवण म्हणून ती घडवली हे कळलं, की तिच्यावरची कुठली रेघ राखायची आणि कुठला डाग काढायचा हे आपोआप कळतं.

झाविश फाल्केनश्टाईन हा तेराव्या शतकातला बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला सरदार. दक्षिण बोहेमियातल्या वित्कोव्हत्सी या मोठ्या घराण्याच्या क्रुमलोव्ह शाखेतला. 'फाल्केनश्टाईन' हे नाव आईच्या माहेरच्या, ऑस्ट्रियातल्या किल्ल्यावरून आलेलं. या घराण्याची जंगलं, गावं आणि गढ्या एवढ्या पसरल्या होत्या की राजा दुसरा प्शेमिस्ल ओटाकर याला ते खुपू लागलं. त्याने 1263 मध्ये त्यांच्या मुलखाच्या तोंडाशी झ्लाटा कोरुना हा मठ वसवला आणि 1265 मध्ये चेस्के बुद्येयोव्हित्से हे नगर. दोन्ही ठिकाणं आज पर्यटकांना सुंदर वाटतात, पण त्या काळी या सरदारांना आवर घालण्यासाठी मारलेल्या त्या पाचरीच होत्या. म्हणून 1276 मध्ये ओटाकरचं जर्मन राजा रुडॉल्फ हाब्सबुर्गशी वाजलं तेव्हा वित्कोव्हत्सी सरदारांनी बंड केलं, आणि झाविश त्यात पुढे होता. 26 ऑगस्ट 1278 रोजी मोराव्हा नदीकाठच्या लढाईत ओटाकर मारला गेला. मागे राहिली राणी कुनहुता आणि सात वर्षांचाही न झालेला राजपुत्र वेंसेस्लास.

पुढची कथा ऐकताना लोक थबकतात. ब्रांडेनबुर्गचा ओट्टो पाचवा राजपुत्राचा पालक झाला आणि त्याने मायलेकांना बेझ्द्येझ किल्ल्यात डांबून ठेवलं. कुनहुता तिथून निसटून ओपावाच्या मुलखात गेली. तिथे झाविश तिच्याकडे आला. ज्याने तिच्या नवऱ्याविरुद्ध तलवार उपसली होती तोच तिचा जिवलग झाला, त्यांना मुलगा झाला आणि पुढे त्यांनी लग्नही केलं. 1283 मध्ये वेंसेस्लास प्रागला परतला, पाठोपाठ आई आली आणि आईबरोबर झाविश. पोरसवदा राजा या सावत्र बापावर जीव टाकत होता. राज्याचा कारभार, किल्ले, नेमणुका सगळं झाविशच्या हातात गेलं. 1285 मध्ये कुनहुता वारली तरी त्याची पकड सुटली नाही. त्यानंतर त्याने हंगेरीचा राजा चौथा लास्लो याची बहीण एलिझाबेथ हिच्याशी लग्न केलं. एका सरदाराने एका राजाच्या विधवेशी आणि मग दुसऱ्या राजाच्या बहिणीशी सोयरीक करावी, याचा अर्थ दरबारातल्या प्रत्येकाला कळत होता. तुमच्या कागदावरचा 'महत्त्वाकांक्षी' हा शब्द तिथून येतो, आणि तो योग्यच आहे.

पण वेंसेस्लास आता मोठा झाला होता. त्याची बायको गुटा ही रुडॉल्फ हाब्सबुर्गची मुलगी, त्यामुळे झाविशचा जुना मित्रपक्ष आता राजाचं सासर झाला होता. झाविशला प्रागमध्ये अटक झाली. त्याने राणीमार्फत मिळवलेले किल्ले परत मागण्यात आले. त्याचे भाऊबंद किल्ले सोडेनात, तेव्हा ओटाकरचा अनौरस मुलगा, ओपावाचा निकोलास, बेड्या घातलेल्या झाविशला घेऊन किल्ल्याकिल्ल्यासमोर उभा राहिला: दार उघडा, नाहीतर याचं डोकं उडवतो. बऱ्याच किल्ल्यांनी दारं उघडली. ह्लुबोका किल्ल्यावर झाविशचा सख्खा भाऊ वितेक होता, त्याने उघडलं नाही. 24 ऑगस्ट 1290 रोजी त्या किल्ल्याखालच्या कुरणात झाविशचा शिरच्छेद झाला. मेहुणा लास्लो त्याच वर्षी 10 जुलैला मारला गेला होता. पाठीशी असलेला राजा गेल्यानंतर दीड महिन्यात झाविशही संपला. धारदार फळीने त्याचं डोकं उडवलं ही लोककथा तिथे अजून सांगतात. आज ह्लुबोकाला दिसतो तो पांढरा राजवाडा मात्र एकोणिसाव्या शतकातला, तो पाहून त्या कुरणाची कल्पना करू नका.

झाविशबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं झ्ब्रास्लाव्हच्या मठातल्या बखरीतून येतं. तो मठ वेंसेस्लासने स्थापला, म्हणजे लिहिणारे राजाच्या आश्रयातले. त्यांनी झाविशला कपटी ठरवलं, त्याने राणीवर जादूटोणा केला असंही लिहिलं. एक प्रेमात पडलेली बाई आणि एक हुशार, धाडसी माणूस एवढंही पुरेसं स्पष्टीकरण होतं. या माणसाला संत समजू नये, त्याने राज्य वापरून घेतलं यात शंका नाही. पण ज्याचा शिरच्छेद केला त्याचं चरित्र शिरच्छेद करणाऱ्याच्या घरी लिहिलं गेलं, हे वाचताना विसरू नये.

आता क्रुसाकडे येतो. तुमच्या हातातल्या वस्तूचं मूळ आहे दक्षिण बोहेमियात, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या विश्शी ब्रोद इथल्या, सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधुसंघाच्या मठात. वित्कोव्हत्सींपैकीच रोझम्बेर्क शाखेच्या वोकने 1259 मध्ये तो स्थापला. हा क्रूस झाविशने मठाला दिला असं मानतात, म्हणून त्याला झाविशचा क्रूस म्हणतात. झाविशला पुरलंही त्याच मठात. मूळ क्रूस सोन्याचा आहे, चांदीचा नाही. सोन्याच्या पत्र्यावर बारीक सोन्याच्या तारेची वेलबुट्टी, मोती, नीलमण्यांसारखी रत्नं, आणि बायझँटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातल्या पद्धतीच्या मीनाकामात संतांच्या छोट्या प्रतिमा. पायासकट उंची सुमारे 70 सेंमी, त्यातला पाया नंतरच्या काळात बसवलेला. चेक लोक राजमुकुट आणि बेचोव्हला सापडलेली संत मॉरसची अस्थिपेटी यांच्या बरोबरीने त्याचं नाव घेतात. 1950 मध्ये साम्यवादी राजवटीने मठ बंद केले तेव्हा तो मठाबाहेर गेला, आणि ती राजवट गेल्यावर मठाला परत मिळाला.

दोन आडव्या दांड्या का, हे समजून घेण्यासारखं आहे. ख्रिस्ताला ज्या क्रुसावर चढवलं त्याच्या लाकडाचा तुकडा जपण्यासाठी बायझँटिअममध्ये असे क्रूस घडवत. वरची आखूड दांडी म्हणजे क्रुसावर ठोकलेली नावाची पाटी. हंगेरीच्या राजांनी हाच आकार आपल्या राजचिन्हात घेतला. क्रुसाची घडण झाविशच्या आधीच्या पिढीतली दिसते आणि बरेच अभ्यासक तो हंगेरीच्या राजघराण्याकडून आला असं धरतात. कुनहुता ही हंगेरीच्या चौथ्या बेलाची नात. म्हणजे हा क्रूस झाविशने घडवून घेतलेला नसून राणीच्या माहेरच्या वाटेने त्याच्यापर्यंत पोचला, असं मानायला भक्कम आधार आहे. मला यात मोठं सत्य दिसतं. झाविशचा चेहरा आपल्याला माहीत नाही. त्याने मिळवलेले किल्ले राजाने काढून घेतले. त्याच्या नावाने टिकलं ते त्याने देऊन टाकलेलं, आणि तेही बहुधा कुनहुताचं. तुमच्या प्रतिकृतीवर तिचंही नाव असतं तर मला अधिक आवडलं असतं.

ढालीवरचं फूल म्हणजे वित्कोव्हत्सींचा पाच पाकळ्यांचा गुलाब. घराण्याच्या शाखांनी तो रंग बदलून वाटून घेतला: रोझम्बेर्कचा पांढऱ्यावर लाल, ह्रादेत्सचा निळ्यावर सोनेरी, क्रुमलोव्हचा पांढऱ्यावर हिरवा. चांदीत रंग दाखवता येत नाही, म्हणून भिंग घेऊन फुलाच्या पाकळ्या पाहा. त्यावर तुमच्या डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरप्या बारीक रेघा असतील तर त्या 'हिरवा' सांगतात. उभ्या रेघा असतील तर त्या लाल सांगतात, म्हणजे कारागिराने झाविशच्या ढालीवर रोझम्बेर्कचा गुलाब बसवला आहे. ही रेघांची भाषा सतराव्या शतकात रूढ झाली, तेराव्या शतकात ती नव्हती. तरी आजच्या प्रतिकृतीत तिचा वापर योग्यच, आणि ती बरोबर वापरली असेल तर कारागिराने अभ्यास केला आहे असं समजा. या एका तपासणीवर मी प्रतिकृतीबद्दलचं निम्मं मत बनवतो.

आता धातू. 925 म्हणजे हजारात 925 भाग चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. हा आकडा बनवणारा स्वतःही ठोकू शकतो, तेव्हा त्याच्या शेजारी आणखी एखादा बारीक ठसा आहे का ते पाहा. युरोपात सरकारी परख कार्यालयं असतात. 1972 च्या व्हिएन्ना कराराखालचा सामाईक ठसा असेल तर त्यात तराजू आणि कसाचा आकडा दिसतो. चेक प्रजासत्ताक त्या करारात आहे. तो ठसा नसला म्हणजे वस्तू खोटी असं नाही, पण असला तर शंका मिटते.

घरी करता येणारी परीक्षा म्हणजे घनतेची. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा चालेल, दशांशापर्यंत ग्रॅम दाखवणारा असेल तर उत्तम. आधी क्रुसाचं कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा आणि क्रूस बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही असा धरा. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. समजा कोरडं वजन 207 ग्रॅम आणि पाण्यातला आकडा 20, तर भागाकार 10.35 येतो. 925 चांदी 10.3 ते 10.4 च्या आसपास येते, शुद्ध चांदी 10.49. उत्तर 8.5 ते 9 मध्ये आलं तर आत पितळ, तांबं किंवा जर्मन सिल्व्हर आहे आणि वर चांदीचा मुलामा. त्या जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी मुळीच नसते, तांबं, जस्त आणि निकेल असतं.

ही परीक्षा एका बाबतीत फसते. क्रूस पोकळ असेल, आत राळ किंवा प्लास्टर भरलं असेल, किंवा काचेचे खडे बसवले असतील, तर भागाकार खूप खाली येतो, पत्रा अस्सल चांदीचा असला तरी. अशा वस्तू पाण्यात बुडवूच नका, सांध्यातून पाणी आत शिरतं आणि महिन्यांनी काळे ओघळ येतात. बोटाने हलकेच टिचकी मारून पाहा: भरीव चांदी खणखणते, भरलेली वस्तू बद्द वाजते. शंका असेल तर सराफाकडे टंच काढून घ्या, पण क्ष-किरणाचं यंत्र फक्त वरचा थर वाचतं, जाड मुलामा त्याला फसवू शकतो. पायाच्या खालच्या न दिसणाऱ्या कडेला किंचित घासून आतला धातू तपासायला सांगा. समोरच्या बाजूला कानस लावू देऊ नका.

घडण कशी आहे हेही भिंगातून कळतं. ओतीव कामात खोलगट जागी सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात आणि कडा किंचित बोथट असतात. ठशाखाली दाबलेल्या कामात कडा तीक्ष्ण आणि पृष्ठभाग सलग असतो. विजेच्या पाण्यात साचावर चांदीचा थर चढवून केलेलं काम सगळ्यात हुबेहूब, पण वजनाला हलकं आणि मागून खडबडीत. या पद्धतीला मोठी परंपरा आहे. 1867 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनाच्या वेळी युरोपातल्या राजपुत्रांनी एकमेकांच्या संग्रहातल्या कलाकृतींच्या प्रतिकृती करून वाटायचा करार केला, आणि लंडनच्या संग्रहालयाने अशा पद्धतीने केलेल्या शेकडो प्रती जमवल्या. शिकणाऱ्या कारागिराला दूरच्या देशातलं काम हाताने फिरवून पाहता यावं हा त्यामागचा हेतू. म्हणून प्रतिकृतीला 'नक्कल' म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी कधीच सहमत होत नाही. वाईट वाटतं ते प्रतिकृतीवरून साचा घेऊन पुन्हा ओतलेल्या मालाचं. प्रत्येक वेळी साचा आणि धातू दोन्ही आकसतात, वस्तू थोडी लहान होते आणि नक्षी विरघळते. तारेची वेलबुट्टी पाहा: तार वेगळी वळवून डाकाने चिकटवली असेल तर तिच्या कडेला बारीक फट आणि सावली दिसते. नुसता उंचवटा असेल तर ते ओतीव आहे. ओतीव असणं दोष नाही, पण हातकामाची किंमत मागितली असेल तर तो दोष आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. वेंसेस्लासने झाविशला मारल्यानंतर दहा वर्षांनी, 1300 मध्ये, कुत्ना होराच्या खाणीतल्या चांदीतून प्राग ग्रोश नावाचं जाड, घसघशीत नाणं पाडायला सुरुवात केली. त्यात सुमारे 93 टक्के चांदी होती, म्हणजे तुमच्या 925 च्या अगदी जवळचा कस. झाविशने मात्र ते नाणं कधी पाहिलं नाही. त्याच्या काळात बोहेमियात एका बाजूने ठोकलेली, कागदासारखी पातळ नाणी चालत.

आता काळेपणा. चांदी काळवंडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे, वर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. पण तुमच्या क्रुसावरचा सगळा काळेपणा काढायचा नाही. अशा वस्तूत कारागीर मुद्दाम खोलगट भाग काळे करतो, म्हणजे वेलबुट्टी आणि अक्षरं उठून दिसतात. फक्त खाचांमध्ये एकसारखा काळा रंग आणि उंचवटे चकचकीत असतील तर तो काळेपणा घडणीचाच भाग आहे. सपाट जागी पिवळट, मग निळसर, मग काळी झाक पसरत असेल तर ती हवेने आणलेली.

ॲल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा हा उपाय सगळीकडे सांगतात. साध्या वाटीला किंवा पेल्याला तो चांगला, कारण गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागेवर राहते. पण तो हवेचा काळेपणा आणि कारागिराचा काळेपणा यांत फरक करत नाही. नक्षीकाम एका बुडवणीत पांढरंफटक, सपाट दिसू लागतं आणि ते परत आणायला पुन्हा कारखाना गाठावा लागतो. चिंच, लिंबू, रांगोळी, राख, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका. आंबट पदार्थ मिश्रणातलं तांबं खातात आणि रांगोळीचे कण ओरखडे पाडतात. आपल्या आया-आज्यांनी रांगोळीने घासलेली ताटं पिढ्यान्‌पिढ्या टिकली हे खरं, पण ती जाड आणि बिननक्षीची होती. बाजारातलं 'बुडवा आणि काढा' छापाचं द्रावणही इथे नको.

करायचं ते एवढंच: मऊ, धुतलेल्या सुती फडक्याने उंचवट्यांवरून हलका हात फिरवा. तेलकटपणा असेल आणि क्रूस भरीव असेल, तर कोमट पाण्यात रिठ्याचा सौम्य फेस करून मऊ ब्रशने धुवा, साध्या पाण्याने खळखळून काढा आणि लगेच टिपून पूर्ण कोरडा करा. डाग हट्टी असतील तर चांदीसाठीचं पॉलिश कापड फक्त सपाट भागांवर, एकाच दिशेने. दर महिन्याला उजाळायचा उत्साह आवरा, प्रत्येक घासण्यात अक्षरांची कड थोडी जाते. 'झाविश' या नावातली शेवटच्या अक्षरावरची छोटी टोपीसारखी खूण सर्वांत आधी झिजेल, ती जपा.

ठेवण्याची जागा महत्त्वाची. लोकर, नमदा, रबर, वर्तमानपत्र आणि पीव्हीसीची पिशवी यांच्या संगतीत चांदी झपाट्याने काळी पडते. मखमलीच्या डबीचा अस्तराचा कपडाही कित्येकदा गंधक सोडतो. धुतलेल्या मलमलीत गुंडाळून पॉलिथिनच्या बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर ती पुडी पावसाळ्यात बदला. बाहेर मांडायचा असेल तर काचेच्या कपाटात, देव्हाऱ्याजवळ नको: धूप, काजळी, हळदकुंकू हे सगळं खाचांत बसतं.

राहिलं मोल. सराफ तुम्हाला मोडीचा भाव सांगेल: वजन गुणिले कस, त्यातून घट वजा. 207 ग्रॅमच्या वस्तूत 191 ग्रॅमच्या वर शुद्ध चांदी असते, त्या दिवशीचा भाव लावा. घडणावळ, नक्षी, स्मरण यांचे पैसे तो देणार नाही आणि त्यात त्याची चूक नाही. त्याहून जास्त किंमत फक्त असा माणूस देईल ज्याला झाविश माहीत आहे, आणि त्याला कागद हवा असेल. म्हणून मूळ डबी, बिल, सोबतचा कागद आणि असेल तर क्रमांक एकत्र ठेवा. कागद तोटका आहे, तेव्हा त्याच्या मागे स्वतःच्या अक्षरात लिहा: मूळ क्रूस विश्शी ब्रोदच्या मठात, सोन्याचा, ही आधुनिक चांदीची प्रतिकृती, अमुक साली प्रागमध्ये घेतली. पन्नास वर्षांनी तुमच्या घरातल्या कुणाला ती 'तेराव्या शतकातली अस्सल' म्हणून कुणी विकू नये किंवा तिला 'टाकाऊ नक्कल' म्हणून मोडीतही काढू नये. विकायची घाई नसेल तर ठेवाच, असं माझं मत.

आणि मुलगी तिथे आहे तोवर तिला एकदा विश्शी ब्रोदला जाऊन यायला सांगा, चेस्की क्रुमलोव्ह पाहून झाल्यावर तिथून ते फार लांब नाही. मूळ क्रुसासमोर उभं राहून तिने तीन गोष्टी टिपून आणाव्यात: दोन्ही दांड्यांच्या लांबीचं प्रमाण, दांड्यांच्या टोकांचा आकार, आणि वेलबुट्टी कुठे सुरू होऊन कुठे संपते. मला तेवढं आणि तुमच्या क्रुसाचे पुढून-मागून स्वच्छ फोटो मिळाले, तर घडणीबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.